एम-वन कार्बाइनच्या चार नकला, आणि गाविलगडावरची रील

दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा सिनेमा किंवा गेम पाहिला असेल, तर ही बंदूक तुम्ही नक्की पाहिली आहे. लाकडी दस्ता, आखूड नळी, खाली छोटं सरळ मॅगझिन. अमेरिकेची एम-वन कार्बाइन.

१९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने ती निवडली. ड्रायव्हर, तोफची, वायरलेसवाले यांना चार किलोंच्या वरची गॅरंड रायफल जड पडायची. कार्बाइन भरायची अडीच किलोंच्या आत. युद्ध संपेपर्यंत ६० लाखांहून जास्त बनल्या. गाणी वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला कंपनीही त्या बनवत होती!

आज तिच्या नावाने काय मिळतं?

अमेरिकेतली ऑटो-ऑर्डनन्स कंपनी आजही मूळच्याच .३० काडतुसाची कार्बाइन बनवते. तिला नक्कल म्हणणं नावापुरतंच. गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने सुटते, ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल.

इटलीच्या कियाप्पाची एम-वन-२२ दिसायला तशीच, पण काडतूस .२२ चं. मूळ बंदुकीत बारुदाचा वायू छोट्या पिस्टनला धक्का देतो. इथे तो पिस्टनच नाही, काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे येतो.

तिसरी स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या नावाने विकली जाणारी सीओटू एअरगन. १२ ग्रॅमची गॅसची नळकांडी मॅगझिनमध्येच दडवलेली, ४.५ मिमीचे पोलादी छर्रे, बोल्टही खऱ्यासारखा मागेपुढे होतो. ऊर्जा जेमतेम ३ ज्यूल. हाताळण्याचा अनुभव हवा असेल तर हीच सरस. चौथी स्पेनच्या डेनिक्सची. तिच्यातून काहीच सुटत नाही, ती भिंतीवर लावायची.

मग कायदा काय म्हणतो?

पहिल्या दोन सरळ अग्निशस्त्रं, परवान्याशिवाय हात लावायचा नाही. एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत परवाना लागत नाही. पिकावरची पाखरं हाकलायला शेतकरी ठेवतात ती साधी छर्ऱ्याची बंदूक याच मापातली. मात्र नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर केलं, तर शस्त्र कायद्याचं कलम ६ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. परदेशातून काही मागवायचं असेल तर आधी विचारून घ्या: अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयात, अकोल्यात जिल्हाधिकारी कार्यालयात.

परवाना लागत नाही, मग किल्ल्यावर नेली तर?

खरी गोम इथे आहे. चिखलदऱ्याचा गाविलगड आणि अकोटजवळचा नरनाळा, दोन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहेत. तिथे शस्त्र कायद्याच्या जोडीला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो. त्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. आणि या कायद्यात शस्त्राची व्याख्या ज्यूलमध्ये मोजलेली नाही. प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन त्यात येतं, अगदी फासा आणि जाळंसुद्धा. त्यामुळे दुकानातून बिनपरवाना घेतलेली ३ ज्यूलची एअरगन शहानूरच्या गेटवर शस्त्र ठरते.

डेनिक्सची शोभेची बंदूक या व्याख्येत बसणं अवघड. पण वनरक्षकाला ती लांबून कशी ओळखू येणार? शूटिंग करायचंच असेल तर मेळघाटच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय अमरावतीतच आहे. अर्जात प्रतिकृतीचा फोटो जोडा आणि परवानगीचं पत्र हातात आल्यावरच गाडी काढा.