सोयरिकीची कसोटी

परदेशी जाऊन वसलेला समाज तेथील जनजीवनात मिसळला की नाही, याचा निर्णय आपण बहुधा त्याच्या वेषावरून आणि भाषेवरून करतो. परंतु कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाची हकीकत पाहिली, म्हणजे खरी कसोटी याहून खोल आहे हे ध्यानात येते.

अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या यहुदी समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. त्यांनी तेलाचा घाणा धरला, तो शनिवारी बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून दिवेकर, केहीमकर, रोहेकर अशी आडनावे पडली आणि मराठी ही त्यांची मायबोली झाली. कुळाचा दाखला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही. कारण ज्याची त्याची सोयरीक ज्याच्या त्याच्या जातीत, या गावगाड्याच्या रिवाजात तो मागण्याचे प्रयोजनच नव्हते.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र अस्तित्वात आल्यावर हजारो बेने इस्रायल तेथे जाऊन बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा नगरांत स्थिरावले. ते हिब्रू शिकले, कारखान्यांत राबले, लष्करात रुजू झाले. पण ज्या स्वधर्मीयांच्या ओढीने ते गेले होते, त्यांच्याच धर्मपीठाने १९६२ साली असा दंडक घातला, की बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. या अपमानाविरुद्ध समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये, हे लोक सर्वार्थाने यहुदी असून समान हक्कांचे धनी आहेत, असा ठराव तेथील संसदेने केला आणि दंडकातून समाजाचे नाव वगळणे धर्मपीठास भाग पडले.

आज त्यांची नातवंडे हिब्रू बोलतात आणि अन्य यहुदी घराण्यांशी त्यांचे विवाह होतात. तरीही शुभकार्याच्या वेळी भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे आणि गूळ एकत्र कालवून, सभोवती फळे मांडून, प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा केला जातो. त्या ताटाने त्यांच्या इस्रायली असण्यात काडीइतकेही न्यून आलेले नाही. भाषा, उद्योग आणि निष्ठा नवागताला स्वकष्टाने संपादन करता येतात. सोयरिकीचा दरवाजा मात्र यजमान समाजालाच आतून उघडावा लागतो, आणि तो उघडण्यास विलंब झाला तर त्याचा दोष पाहुण्याच्या माथी मारणे हा अन्याय होय.