भाव कोणी ठरवायचा? बाजाराने, कंपन्यांनी की सरकारने?

१९९१ च्या उदारीकरणानंतर ‘सरकारने बाजारात लुडबूड करू नये’ हे वाक्य आपल्या व्यापारी बंधूंच्या तोंडी चांगलेच रुळले. परमिट-कोट्याचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना ते पटणे साहजिक आहे. परंतु सरकार बाजूला झाले म्हणजे बाजार आपोआप मोकळा होतो काय? आम्हाला तसे वाटत नाही.

प्रश्न जुनाच आहे. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. कोणावर अन्याय केल्याचा भार घेऊन अल्लाहसमोर जाणे त्यांना मंजूर नव्हते. मात्र भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणाऱ्याला त्यांनी गुन्हेगार ठरविले. पुढे इमाम इब्ने तैमिया (१२६३-१३२८) यांनी याचा उलगडा केला. टंचाईमुळे भाव वाढला तर राज्यकर्त्याने हात घालू नये. पण विक्रेत्यांनी एकी करून ग्राहकाला नाडले, तर रास्त भाव ठरवून देणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच होय.

आपल्या देशाचा कायदाही याच वळणावर आला आहे. १९६९ चा मक्तेदारी कायदा कंपनीच्या आकाराकडेच संशयाने पाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याने दृष्टी बदलली. मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर करणे आणि आपसांत ठरवून भाव किंवा पुरवठा बांधणे हा गुन्हा आहे.

जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना ६ हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. तक्रार बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेची होती. कंपन्यांनी संगनमताने पुरवठा आवरून भाव चढविले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये अपिलात आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला आणि २०१८ मध्ये तो अपिलात कायम झाला. तरी कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्याच. चढ्या भावाने गोणी घेणारा छोटा कंत्राटदार मात्र कधीच पैसे मोजून बसला होता. बड्या भांडवलाला तारखा परवडतात, लहानाला परवडत नाहीत.

पण बोट केवळ बड्यांकडे दाखवून चालणार नाही. त्याच महिन्यात गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेलाही आयोगाने दंड केला. संघटनेच्या संमतीवाचून नव्या घाऊक विक्रेत्याला माल मिळू नये, अशी व्यवस्था तिने केली होती. आपल्या गावोगावच्या व्यापारी मंडळांनी यातून बोध घ्यावा. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्यासाठी, आपसांतले तंटे मिटविण्यासाठी एकत्र जरूर यावे. परंतु ‘या भावाखाली कोणी विकू नये’ असा ठराव मंडळाने करू नये. तो कायद्यात बसत नाही आणि दीनमध्येही नाही.

संगनमताचा फटका बसलेल्या कोणालाही ठरलेले शुल्क भरून आयोगाकडे माहिती देता येते. बिले, दरपत्रके व पत्रव्यवहार जपून ठेवावा. पुराव्यावाचून तक्रार उभी राहत नाही.