पाऊण तोळ्याची दोरी

दहिसर नदीजवळच्या एका मैदानात सकाळी साडेसहाला मी माश्या मारत असतो. हे अक्षरशः घ्यावं. हातात नऊ फुटी रॉड, त्यातून डोक्यावरून मागे-पुढे जाणारी पोपटी दोरी आणि दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा. क्रिकेटची पोरं येईपर्यंत मैदान माझं. त्यातला एक जण रोज न चुकता विचारतो, "काका, आज किती?"

आजही शून्य. हा सराव ट्राउट माशाच्या फ्लाय फिशिंगचा, म्हणजे खोटी माशी फेकून करायच्या मासेमारीचा, आणि या नदीत ट्राउट नाही, असणारही नाही. तुळशी तलावाकडून निघून, राष्ट्रीय उद्यानातून उतरून, आपल्या वस्त्यांमधून वाट काढत ती मनोरीच्या खाडीला मिळते, तोवर तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते दहिसरकरांना सांगायला नको. पण नदी स्वच्छ असती तरी उपयोग नव्हता. ट्राउटला थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचं जेवणावरचं लक्ष उडतं. आपल्याकडचा मानाचा मासा म्हणजे खडशी, दख्खनचा महसीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याला जे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिलं, त्यात आपल्याच बोलीचा पडसाद आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत तो देवीचा मासा म्हणून सुखानं फिरतो. त्याला पोहे-कुरमुरे घालायचे, गळ नाही.

तेव्हा ट्राउटसाठी आपल्याला घर सोडावंच लागतं. तो भारतातला मूळचा नव्हेच, साहेबानं आणलेला. निलगिरीत १८६३ साली फ्रान्सिस डे यांनी केलेला प्रयत्न फसला. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली, आणि कुलूच्या खोऱ्यात १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला रुजवलं. आज मुंबईहून जाणाऱ्याला सोयीची म्हणजे तीर्थन नदी. चंदीगड किंवा दिल्ली गाठायची, मनालीच्या रात्रीच्या बसनं औटला उतरायचं, पुढे बंजार, तिथून गुशैणी. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते.

तीर्थनला जायचं ठरलं आणि मी पहिली खरेदी केली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण अर्धी चूक माझी होती. मला रीळ आवडलं. काळंभोर, जाळीदार, फिरवलं की घड्याळासारखं टिकटिकणारं. बजेटचा मोठा भाग त्यात गेला. रॉड दुकानदारानं 'ट्राउटलाच चालतो' म्हणून दिला, आणि दोरी? ती त्यानं कौतुकानं स्वतःच भरून दिली: तंगुसाचा दोरा, खाडीवर गळ टाकायला वापरतात तोच. मैदानात पहिल्यांदा रॉड फिरवला, तर माशी माझ्याच चपलेवर पडली. पन्नास वेळा फिरवला, पन्नास वेळा चपलेवर.

कारण मला बोरीवलीहून बोटीनं पलीकडे गेल्यावर गोराईच्या जेट्टीवर कळलं. तोवर खरी फ्लाय लाइन मागवली होती आणि ती एका वयस्क नाखव्याला दाखवायला नेली होती. त्यांनी दोरी बोटांत चोळली, जाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, की शिसं कुठे आहे?

सगळा प्रश्न तिथेच आहे. पागाचं जाळं लांब जातं ते कडेच्या शिशाच्या मण्यांमुळे. खाडीतला गळ जातो तोही शिशाच्या वजनानं. वजन पुढे धावतं आणि तंगूस मागोमाग फरफटत जातो. पण ट्राउटची माशी म्हणजे बारक्या गळावर गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस आणि थोडी लोकर. तिला वजनच नाही, ती कुणाला काय ओढणार? म्हणून इथे उलटा संसार: वजन दोरीतच भरलेलं, दोरी उडते आणि माशी तिच्या शेपटाला लटकून जाते. दोरीतच शिसं आहे म्हणा ना, असं मी नाखव्यांना सांगितलं. त्यांनी ती परत देताना हातात जरा जोखली.

हे वजन मोजायची रीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या उत्पादकांनी ठरवली. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचं वजन ग्रेनमध्ये करायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. चार नंबरला १२० ग्रेन, पाचला १४०, सहाला १६०, आठला २१०. ग्रेन म्हटल्यावर आपण गोंधळतो, पण सोनाराकडे गेलेल्याला हे माप परकं नाही. जुना तोळा १८० ग्रेनचा. राणीछाप रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे पाच नंबरची दोरी तीस फुटांत पाऊण तोळ्याहून किंचित जास्त भरते. आजच्या हिशेबात नऊ ग्रॅम. रॉडवर जो '५' छापलेला असतो तो रॉडचा नंबर नव्हेच. हा रॉड पाऊण तोळ्यानं नीट वाकतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून माझं मत असं, की खरेदी टोकाकडून सुरू करावी: आधी दोरी, मग तिला शोभेल असा रॉड, आणि उरलेल्या पैशांत रीळ. दुकानात नेमका उलटा क्रम असतो, कारण काचेच्या कपाटात रीळ चमकतं, दोरी पुठ्ठ्याच्या डब्यात पडलेली असते.

डब्यावर 'डब्ल्यूएफ-५-एफ' असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. पहिली अक्षरं आकाराची, म्हणजे पोट पुढच्या भागात. शेवटचं अक्षर सांगतं की ती तरंगते. पहिली दोरी हीच घ्यावी. 'डीटी' नावाचा दुसरा प्रकार दोन्ही टोकांना सारखा निमुळता असतो. एक बाजू झिजली की उलटी करून वापरायची, पूर्वी शिंपी शर्टाची कॉलर उसवून उलटी लावून द्यायचा तशी. माझ्यासारख्या काटकसरी माणसाला तो मोह होतोच. एक सावधगिरी मात्र: हल्ली बऱ्याच कंपन्या पाचच्या डब्यात साडेपाच-सहाचं वजन भरतात, म्हणजे ताठ रॉडही वाकल्यासारखे वाटतात. डब्याच्या मागे ग्रेनचा आकडा असतो. तो १४०च्या आसपास आहे ना, ते बघा.

रॉड नऊ फुटी, पाच नंबर, चार तुकड्यांचा. चार तुकड्यांचा अशासाठी, की प्रत्येक तुकडा सत्तावीस इंचांचा होतो आणि नळकांडं गाडीच्या बर्थखाली निमूट बसतं. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले रॉड बांबू चिरून, पट्ट्या चिकटवून करत आणि तो बांबू बराचसा आपल्याकडून जायचा; 'कलकत्ता केन' हे त्याचं नाव. पुढे दक्षिण चीनच्या बांबूनं त्याला मागे टाकलं, मग फायबरग्लास आलं आणि १९७०च्या दशकात कार्बन. आज कार्बनचाच घ्यायचा. दुकानात रॉड हवेत हलवून बघणं म्हणजे कलिंगडावर टिचकी मारण्यासारखं आहे. कळल्याचं समाधान मिळतं. विक्रेता 'फास्ट', म्हणजे ताठ रॉडचं कौतुक करील. नवख्यानं मध्यम घ्यावा, मधल्या भागापर्यंत वाकणारा.

याचं कारण तीर्थनमध्ये समजतं. ती काही गंगेसारखी पसरलेली नदी नव्हे. मोठमोठे धोंडे, त्यांच्यामागे ताटाएवढी शांत जागा आणि तिथे तोंड प्रवाहाकडे करून बसलेला ब्राउन ट्राउट. फेक वीस फुटांची. त्यातले नऊ फूट तर पुढचा पारदर्शक लीडर. रॉडबाहेर खरी दोरी जेमतेम दहा-बारा फूट. पाऊण तोळ्यातला फक्त पाव तोळा बाहेर असतो. ताठ रॉडला पाव तोळ्याची जाणीवच होत नाही, मऊ रॉड तेवढ्यानंही वाकतो. मला तर पुढच्या वेळी आठ फुटी, चार नंबरचा न्यावासा वाटतो. पण रॉड एकच घ्यायचा असेल तर पाच. तो थोड्या मोठ्या पाण्यावरही चालतो.

लीडरचं टोक '५ एक्स'चं असतं. हा एक्स वाढला की जाडी घटते. अकरातून एक्स वजा करा, उरेल तितके सहस्रांश इंच. पाच एक्स म्हणजे सहा सहस्रांश, दीड दशांश मिलिमीटर, डोक्याच्या दोन केसांएवढं.

आणि रीळ? संक्रांतीला गच्चीवर गेलेल्या मुंबईकराला हे समजावायला नको. पैसे पतंगावर आणि मांजावर घालतात, फिरकीवर नाही. ट्राउटच्या मासेमारीत रीळ म्हणजे फिरकी: दोरी गुंडाळून ठेवायला. तीर्थनचा मासा बहुतेक वेळा डाव्या हातानं दोरी ओढूनच आणला जातो, आणि त्यानं जोर केला तर बोटांतून ढील द्यायची. साधं, हलकं रीळ पुरतं. माझं टिकटिकणारं रीळ नदीच्या आवाजात ऐकूही येत नाही.

शिकायला मासा लागत नाही, मैदान लागतं. मागे तीस-चाळीस फूट मोकळी जागा हवी आणि डोळ्यांना चष्मा हवा. रॉड मागे नेऊन थांबवायचा, दोरी हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं. लोकलच्या दाराला लटकून वाढलेल्या माणसाला तर फारच. घाई केली की मागून आसूड ओढल्यासारखा फट्ट आवाज येतो. लोकर असेल तर पुन्हा बांधायची, नदीवर असाल तर माशी गेली समजा.

पावसाळ्यात दोरीची काळजी घ्यावी लागते. जूनमध्ये मी ती रिळावरून उतरवतो, कोमट साबणाच्या पाण्यातून काढतो, ओल्या फडक्यानं पुसतो आणि सैल वेटोळं करून पेपरात ठेवतो, नाहीतर बुरशी धरते. गेल्या वर्षी पुसून झाल्यावर ती गॅलरीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणून ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो, तर आईनं तिच्यावर माझेच दोन रुमाल आणि एक बनियन वाळत घातलं होतं. दोरी छान आहे, म्हणाली, अजून थोडी आण.