न वापरलेले जुने वस्तरे : वापरावेत की जपावेत?

जुने कटलरीचे दुकान आवरताना किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होताना माळ्यावरच्या पेटीतून कधी कधी वस्तऱ्यांचा डबा निघतो. वस्तरे कागदात गुंडाळलेले, पात्यावर कारखान्याची मोहोर, आणि धार एकदाही कोणाच्या गालाला न लागलेली. आजोबांनी माल मागविला, तो खपला नाही आणि तसाच पडून राहिला. आता त्याचे काय करावे? भंगारवाला वजनावर नेतो. जुन्या वस्तूंचा व्यापारी एक आकडा सांगतो, तो रास्त की कमी हे कळायला मार्ग नसतो. घरातील तरुण म्हणतो, मी याने दाढी करीन. वडीलधारे म्हणतात, हात लावू नका. या धंद्यातील आमच्या वाचकांसाठी या प्रश्नाचा थोडा उलगडा करावा असे आम्हांस वाटते.

असा माल मुळात उरला का, हे आधी पाहू. चांगल्या वस्तऱ्यांची जगात दोन गावे प्रसिद्ध होती, इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन. दोघांत इतकी चुरस होती की जर्मन माल शेफील्डचा म्हणून खपविला जातो, अशी तक्रार शेफील्डवाल्यांनी केली आणि १८८७ साली ब्रिटनने मालाच्या खुणांविषयी कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का त्यातूनच आला. हिणविण्यासाठी लावलेला शिक्का पुढे मालाची शिफारस ठरला, ही व्यापारातील मोठी गंमत. मग १९०३ पासून अमेरिकेत जिलेटचा सेफ्टी रेझर विकला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तो सरकारी खर्चाने मिळाला आणि घरोघरची सवयच बदलली. वस्तरा न्हाव्याच्या धोकटीपुरता उरला. दुकानदारांच्या फळीवरचा माल जागच्या जागी राहिला, तोच आज ‘न वापरलेला’ म्हणून निघतो.

डबा हाती आल्यावर धार तपासण्याची घाई करू नये. प्रथम मोहोर वाचावी. ‘वेस्ट जर्मनी’ असे कोरले असेल तर माल १९४९ ते १९९० या काळातला होय. ‘सोलिंगेन’ या नावाला १९३८ पासून जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे. पात्यावर सोनेरी मुलाम्याचे चित्र किंवा अक्षरे असतील तर त्यांना पॉलिश मुळीच लावू नये. तो मुलामा फार पातळ असतो, एका घासण्यात निघून जातो.

त्यानंतर मूठ पाहावी. आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान येथेच होते, आणि तेही कोणी न वापरता. बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. हा पदार्थ काळाने आपोआप कुजतो आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. वस्तरा मिटलेला असल्यामुळे पाते बरोबर त्या वाफेत बसलेले असते. म्हणून कधी कधी असे दिसते की डबा कोरडा, कागद कोरडा, आणि मुठीत दडलेल्या भागावर मात्र गंज. मुठीला तडे, चिकटपणा किंवा उग्र आंबूस वास आढळल्यास तो वस्तरा बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळा करावा, कारण ही वाफ शेजारच्या चांगल्या पात्यांनाही खाते. मूठ कशाची आहे हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याची बाजारात रीत आहे. ती करू नये, सेल्युलॉइड भडकन पेटते.

पांढरी मूठ दिसली की विकणारा हस्तिदंत म्हणतो. सेल्युलॉइडच्या नकली मुठीवर सरळ, एकसारख्या रेघा असतात. अस्सल दातावर रेघा एकमेकींना छेदतात, आणि त्याही सर्व बाजूंनी दिसत नाहीत. मूठ खरोखर हस्तिदंताची निघाली तर तिला बाजारात नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. माल आजोबांच्या काळचा आहे, एवढ्याने सुटका होत नाही. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातील गिऱ्हाइकाला पाठविण्यापूर्वी १९७२ चा पुरावस्तू कायदा जाणकाराकडून समजून घ्यावा.

आता वापरण्याविषयी. न वापरलेला वस्तरा म्हणजे दाढीला तयार वस्तरा, हा समज चुकीचा आहे. कारखान्याची धार सहसा कच्ची असे, ती पक्की करण्याचे काम न्हाव्याचे. त्यात इतक्या वर्षांच्या हवेने धारेचे अगदी बारीक टोक खाल्लेले असते. तेव्हा दगडावर घेणे आलेच. वस्तरा दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवतात, कारण पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. त्यामुळे पाठीवरही चकचकीत पट्टी उमटते. जाणता गिऱ्हाईक प्रथम ती पट्टीच पाहतो. ती दिसली की माल ‘न वापरलेला’ राहत नाही, आणि हे परत भरून येत नाही. म्हणून निर्णय होईपर्यंत दगड दूर ठेवावा, हा आमचा आग्रह आहे.

निर्णय कसा करावा? एकाच छापाचे डझनभर साधे वस्तरे असतील तर एक-दोन वापरायला काढण्यात काही बिघडत नाही. ते त्यासाठीच घडविले होते, आणि आतून खोलगट घासलेल्या चांगल्या पोलादी पात्याची दाढी ज्याने केली आहे त्याला ते सांगायला नको. मूळ पेटी, कागद आणि मुलामा शाबूत असलेला नग किंवा आठवड्याच्या वारांची नावे कोरलेला सात वस्तऱ्यांचा संच मात्र फोडू नये. गंजाचा खड्डा धारेजवळ असेल तर असा वस्तरा वापरायलाही निरुपयोगी. खड्डा खिळ्याजवळ असेल तर वापरायला हरकत नाही.

सलूनचालकांना मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. हा वस्तरा स्वतःच्या दाढीला घ्या, गिऱ्हाइकाच्या नको. एकाच पात्यामुळे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. असे पाते दर गिऱ्हाइकामागे उकळत बसावे तर ते गंजते आणि सेल्युलॉइडची मूठ वाकडी होते. दुकानात दर माणसाला नवे अर्धे ब्लेड हेच बरे.

जपायचे ठरले तर त्यासाठी खर्च फारसा नाही, कष्ट मात्र आहेत. बोटांच्या घामातील मीठ पात्यावर राहू देऊ नये. मऊ कापडाने पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये, ते चिकट होते. पुठ्ठ्याची व चामड्याची पेटी ओल धरते, म्हणून पेटी वेगळी आणि वस्तरा वेगळा ठेवावा. कोकणासारख्या दमट हवेत सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि पावसाळ्यात दर महिन्याला डबा उघडून पाते पाहावे.