हद्द वाढली, अंतरही वाढलं

जुन्या सोलापुरात घर आणि गिरणी यांच्यात पायी जाण्याइतकंच अंतर असे. 1860मध्ये रेल्वे आली, 1870च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि भोंगा ऐकू येईल एवढ्या टापूत कामगारवस्ती दाटली. पूर्व भागात तर संसार आणि यंत्रमाग आजही अनेकदा एकाच घरात दिसतात.

1992च्या हद्दवाढीनं हे गणित बदललं. महापालिकेचं क्षेत्र सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178वर गेलं. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या होती 9.51 लाख. पसरट वस्तीत बसची फेरी लांबते, प्रवासी मात्र विखुरलेले राहतात.

सर्वांत बोलकं उदाहरण शहराबाहेरच्या कुंभारीचं. अक्कलकोट रस्त्यालगतच्या या गावाजवळ 2006मध्ये विडी कामगार महिलांसाठीच्या 10,000 घरांची वसाहत झाली. जानेवारी 2024मध्ये कुंभारीतल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. कष्टकऱ्यांनी झगडून मिळवलेली ही घरं आहेत, त्यांचं मोल मोठं. म्हणूनच तिथं वेळेवर येणारी बस ही नळाच्या पाण्याइतकीच मूलभूत सोय मानायला हवी.

वाहतूककेंद्री विकासाचं राष्ट्रीय धोरण 2017मध्ये आलं. स्थानकापासून 500 ते 800 मीटर, म्हणजे 10-12 मिनिटं चालण्याच्या पट्ट्यात घरं, दुकानं, कामाची ठिकाणं एकत्र असावीत, असं ते सांगतं. सोलापुरात मेट्रो नाही. पण रेल्वे स्थानक, एसटी स्थानक आणि गर्दीचे बसथांबे आहेत; त्यांच्याभोवती हाच विचार करता येईल. तिथं चालत जाण्याच्या पदपथावर झाडं मात्र हवीतच, कारण उन्हाळ्यात इथला पारा 40 अंश सहज ओलांडतो.