खाटांची मोजदाद आणि हातांचे शिक्षण

वैद्यकाच्या पदवीला मान्यता देणे म्हणजे नेमके कशाला मान्यता देणे, हा प्रश्न आपल्या देशात प्रथम हातघाईवर आला तो बाळंतपणाच्या निमित्ताने. १८५८ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या जनरल मेडिकल कौन्सिलने येथील विद्यापीठांच्या पदव्या मान्य केलेल्या होत्या. परंतु पहिल्या महायुद्धानंतर त्या कौन्सिलने अशी हरकत उपस्थित केली की, हिंदुस्थानातील विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडतो तेव्हा त्याने स्वतःच्या हातांनी पुरेशी बाळंतपणे केलेली नसतात. हरकतीत तथ्य होते. ज्या समाजातील स्त्रिया परपुरुषाच्या नजरेस पडण्यापेक्षा घरच्या काळोख्या खोलीत सुईणीच्या हवाली होणे पसंत करीत, आणि ज्या मुंबईत स्त्रियांवर स्त्रियांनीच उपचार करावेत या हेतूने १८८६ साली कामा रुग्णालय काढावे लागले, तेथे तरुण विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रसूतीचा प्रत्यक्ष अनुभव येणार तरी किती?

परंतु हरकत घेणारा राज्यकर्ता होता, आणि त्याचा निरीक्षक येथे येऊन शेरे मारणार होता, ही गोष्ट राष्ट्रीय वृत्तीच्या डॉक्टरांना सहन होण्यासारखी नव्हती. वाद चिघळला, १९३० साली कौन्सिलने मान्यता काढून घेतली, आणि त्यातूनच १९३३ चा कायदा होऊन पुढल्याच वर्षी भारतीय वैद्यकीय परिषद अस्तित्वात आली. हा इतिहास स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. मात्र त्या गदारोळात मूळ प्रश्न, म्हणजे शिकणाऱ्याने स्वतः काय केले आणि त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे होते हा प्रश्न, मागे पडला तो पडलाच. याच सुमारास परळला त्याचे उत्तर कृतीने देण्याचा उपक्रम सुरू झाला होता, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. अध्यापकवर्ग हिंदीच असावा अशी देणगीदारांची अट असलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे केईएम रुग्णालय १९२६ साली उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले, आणि त्याच वर्षी त्याच परिसरात नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहाचीही दारे उघडली.

स्वातंत्र्याच्या आगेमागेचा आणि त्यानंतरचा काळ मी थोडक्यात उरकतो. भोर समितीने १९४६ साली शिफारस केली की, लायसेन्शिएटचे दुय्यम अभ्यासक्रम बंद करून देशात एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा; १९५६ साली नवा कायदा झाला; पुढे १९७५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा उदय होऊन महाविद्यालयांबाहेरच्या रुग्णालयांतही विशेषज्ञ तयार करण्याची वाट मोकळी झाली. संस्था वाढल्या, तसे मान्यतेचे निकषही वाढले, आणि हे निकष हळूहळू मोजता येण्याजोग्या वस्तूंचे झाले: तीस खाटांचे युनिट, त्यात अमुक हुद्द्यांचे अध्यापक, ग्रंथालयात इतकी पुस्तके, व्याख्यानगृहात इतकी आसने.

पाहणीच्या दिवसाचे चित्र वैद्यकीय महाविद्यालयांशी संबंध आलेल्या कोणालाही परके नाही. सकाळी अकराच्या आत अध्यापकांनी सह्यांसाठी रुजू व्हावयाचे, म्हणून आदल्या रात्रीच्या गाडीने परगावचे प्राध्यापक येऊन पोहोचतात. वॉर्डातल्या चादरी बदलल्या जातात. आणि काही ठिकाणी ज्यांना दाखल करून घेण्याचे कारण नाही अशी माणसेही खाटांवर निजलेली दिसतात. मोजणारा प्रामाणिक असला तरी तो मोजतो ती त्या दिवसाची हजेरी. शिवाय सर्वच मोजणारे प्रामाणिक नव्हते, हेही उघड झाले. परिषदेचे अध्यक्षच २०१० साली लाचखोरीच्या आरोपावरून अटकेत गेले, परिषद बरखास्त करावी लागली, आणि संसदीय समितीचे ताशेरे, अध्यादेश, २०१९ चा कायदा अशी वळणे घेत सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कारभार पाहू लागला. मूल्यांकनासाठी या आयोगात स्वतंत्र मंडळ आहे, आणि ही सुधारणा मी मनापासून स्वागतार्ह मानतो. तथापि लाच घेणारा जाऊन न घेणारा आला तरी, त्याच्या हातातला तक्ता जोवर खाटांचाच आहे, तोवर शिकणाऱ्याच्या पदरात फारसे पडत नाही.

खरा दस्तऐवज निवासी डॉक्टरच्या खणात असतो, तो म्हणजे त्याचे लॉगबुक. कोणती शस्त्रक्रिया केवळ पाहिली, कोणतीत साहाय्य केले, कोणती वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली आणि कोणती स्वतंत्रपणे केली, याची तारीखवार नोंद त्यात असावी आणि अध्यापकांनी ती वेळोवेळी तपासावी, असा नियमांचा आशय आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी परीक्षा तोंडावर आली की तीन वर्षांच्या नोंदी चार रात्रींत, एकाच शाईने, भरल्या जातात आणि सगळ्या सह्या एका बैठकीत होतात. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णापाशी पहिल्या वर्षाचा निवासी एकटा होता की रजिस्ट्रार खाली उतरून आला होता, हे त्या वहीतून कधीच कळत नाही. आणि शिक्षण झाले किंवा न झाले ते त्याच घटकेला.

कामाच्या तासांची कथाही याहून निराळी नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून सामान्यतः अधिक नसावे, असे म्हटलेले होते. २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास असा मोघम शब्द आला. आणि २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुटी सुचविली. महाराष्ट्रात ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे संप होतात तेव्हा विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षितता यांची चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे; पण सलग छत्तीस तास जागा असलेला मनुष्य काही शिकू शकतो काय, हा मान्यतेचाही प्रश्न आहे, हे सरकारदरबारी अद्याप पुरते रुजलेले नाही.

माझ्या मते मान्यतेच्या नूतनीकरणात ड्यूटीचा खरा तक्ता आणि लॉगबुक यांना खाटांच्या तक्त्याइतके वजन मिळावे, एक पाहणी तरी पूर्वसूचनेवाचून रात्री व्हावी, आणि निवासी डॉक्टरांची कैफियत त्यांच्या विभागापासून दूर बसून, नाव गुप्त राखून नोंदवून घ्यावी. कारण ज्या गाइडच्या सहीवाचून प्रबंध सादर होत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही, त्याच्याच समोर बसून सत्य सांगण्याची अपेक्षा पंचविशीतल्या मुलाकडून करणे अन्यायाचे आहे.