आजोबांच्या रेडिओला नवे घर

मोडनिंब हे माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पुणे–सोलापूर महामार्गावर ते वसले आहे, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणारी रेल्वेही येथे थांबते. हाच लोहमार्ग एके काळी बार्शी लाइट रेल्वेचा, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. अशा गावांतील व्यापारी घरांची मांडणी बहुतेकांच्या परिचयाची आहे. पुढे दुकान, मागे किंवा वर राहते घर, आणि माजघराच्या फडताळावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला एक जुना रेडिओ.

हा रेडिओ कधी काळी घराचा मान होता. तो बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, १९५७ साली विविध भारती आली आणि १९६३ साली सांगली केंद्र. बातम्या, बाजारभाव, पावसाचा अंदाज आणि रात्रीची गाणी या एकाच लाकडी पेटीतून घरात येत. पुढे ‘टू-इन-वन’ आले, त्यानंतर मोठ्या स्पीकरांची म्युझिक सिस्टीम आली, आणि अखेर सारे काही खिशातल्या मोबाइलमध्ये सामावले. जुनी यंत्रे मात्र माळ्यावर तशीच राहिली. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा प्रश्न नव्याने उभा राहतो. भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांची किंमत केवळ वजनाची असते. हिशेबाच्या वहीत तर घसारा वजा होता होता त्यांचे मूल्य एक रुपयावर येऊन थांबलेले असते.

एका घराचा प्रश्न

उदाहरणादाखल असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. माळ्यावर तीन वस्तू आहेत: आजोबांनी पहिल्या कमाईतून आणलेला वाल्व्हचा रेडिओ, वडिलांच्या तरुणपणीचे कॅसेट डेक व ॲम्प्लिफायर, आणि पावसाच्या ओलीने तळ फुगलेले दोन स्पीकर. नातवाच्या मनात येते की, या साऱ्यांतले चांगले ते काढून घ्यावे, सागवानी दर्शनी फळी असलेली एक देखणी पेटी करावी आणि दिवाणखान्यात मांडावी. आजोबांना कल्पना आवडते, पण रेडिओचे पोट फाडलेले त्यांना पाहवणार नाही. त्यातच एका जुन्या पिशवीत एक कॅसेट सापडते. तीत आजीच्या आवाजातील स्तवन आहे. आजी आता नाही, आणि या कॅसेटची दुसरी प्रत कोठेही नाही.

येथे प्रश्न सुतारकामाच्या पलीकडे जातो. घाईने केलेल्या एका चुकीने जे जाईल, ते कोणत्याही बाजारात पुन्हा मिळणार नाही. म्हणून अशा कामात क्रमाला फार महत्त्व आहे.

आधी आवाज, मग पेटी

पहिले काम कॅसेटचे. अनेक वर्षे पडून असलेल्या डेकमधील रबरी पट्टे ताणले जातात, चिकट होतात किंवा वितळतात, आणि फीत ओढणारे रबरी चाक कडक झालेले असते. अशा यंत्रात एकमेव कॅसेट घालणे म्हणजे ती गमावण्याची तयारी ठेवणे. पट्टे बदलावेत, हेड व चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि प्रथम एखादी निरुपयोगी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहावी. यंत्र फीत खात नाही अशी खात्री झाल्यावरच मौल्यवान कॅसेट हाती घ्यावी. तिच्या मागच्या कडेवरील दोन छोट्या प्लास्टिक चकत्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे ध्वनिमुद्रण होणार नाही. पहिल्याच वादनात आवाज संगणकात उतरवून घ्यावा आणि त्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. हे साधले की मन निर्धास्त होते आणि पुढील कामाला हात घालता येतो.

दुसरा निर्णय रेडिओचा. वाल्व्हचा रेडिओ मोडून त्याची रिकामी पेटी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही ते करू नये, हा नियम येथे उत्तम. रेडिओ अखंड ठेवावा, आणि नवी पेटी ॲम्प्लिफायर व कॅसेट डेक यांच्यासाठी बांधावी. रेडिओ तिच्या शेजारी सन्मानाने बसेल. अनेक जुन्या संचांच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी छिद्रे असतात आणि त्यांतून आजचे संगीतही वाजविता येते. मात्र येथे मोठी सावधगिरी हवी. काही संच ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट विजेवर चालणारे असतात, आणि त्यांच्या धातूच्या सांगाड्यावरच २३० व्होल्टचा प्रवाह असू शकतो. अशा संचाला बाहेरून काहीही जोडणे जिवावर बेतू शकते. वाल्व्ह संचातील कपॅसिटर बंद केल्यानंतरही काही काळ शेकडो व्होल्टचा भार धरून ठेवतात. वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ एकदम प्लगला लावू नये. जाणत्या मेकॅनिककडून जुने कपॅसिटर बदलून घ्यावेत आणि प्रथम सिरीज बल्ब लावूनच तो सुरू करावा.

कर्ण्यापासून कपाटापर्यंत

यंत्राला लाकडी घर देण्याची ही हौस नवी नाही. आरंभीच्या ग्रामोफोनचा मोठा कर्णा दिवाणखान्यात आडवा येई. १९०६ साली अमेरिकेतील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने तो कर्णा कपाटाच्या आत दुमडून घेतला आणि ‘व्हिक्ट्रोला’ या नावाने विकला. त्याला चक्क दारे होती, आणि ती कमी-अधिक उघडून आवाज लहान-मोठा करता येई. यंत्र अशा रीतीने फर्निचर झाले. पुढे बेकेलाइट आणि प्लास्टिक आल्यावर लाकूड मागे पडले. तरीही १९५६ साली जर्मनीच्या ब्राउन कंपनीने काढलेल्या प्रसिद्ध रेडिओ-ग्रामोफोनला पांढऱ्या धातूच्या जोडीने लाकडी बाजूच होत्या. घरातल्या यंत्राने घरासारखे दिसावे, ही इच्छा त्यामागे होती.

लाकडाचे दोन स्वभाव

मोडनिंबहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग या विषयाशी वेगळेच नाते सांगतो. मिरजेच्या सतारी व तंबोरे जगभर जातात, आणि २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरात पिकतात, आणि दांडी व तबली यांसाठी तुणीचे लाकूड वापरतात. म्हणजे आवाजाला घर देण्याची विद्या या प्रदेशाला परकी नाही.

परंतु वाद्य आणि स्पीकर यांत एक मूलभूत फरक आहे. तंबोऱ्याचा भोपळा व तबली तारेबरोबर थरथरावी, म्हणूनच त्या पातळ राखतात. ती थरथर हाच तंबोऱ्याचा आवाज. स्पीकरच्या पेटीने मात्र मुळीच थरथरू नये. गायकाचा आवाज मुद्रणात आधीच पूर्ण झालेला असतो, आणि पेटीने त्यात स्वतःची भर घातली तर तो घोगरा होतो. म्हणून स्पीकरसाठी १८ मिलिमीटरचे जड प्लायवूड किंवा एम.डी.एफ. घेतात, आत आडव्या पट्ट्या ठोकून बाजू आवळतात आणि फटी पूर्ण बुजवितात. पोकळ वाजणारी पेटी बोटाच्या टिचकीनेही ओळखता येते.

पेटीचे माप आतून मोजावे. बाहेरून ४० बाय २५ बाय २५ सेंटिमीटरची पेटी २५ लिटरची भासते. १८ मिलिमीटरच्या फळ्या वजा केल्या की आतील माप ३६.४ बाय २१.४ बाय २१.४ होते, म्हणजे सुमारे १६.७ लिटर. एक तृतीयांश जागा लाकडानेच खाल्ली! जुन्या स्पीकरचे घटक नव्या पेटीत बसवायचे असतील, तर जुन्या पेटीचे आतील आकारमान मोजून तेवढेच ठेवावे, आणि मागे हवेचे भोक असल्यास त्याचा व्यास व लांबीही तीच राखावी. आकारमान बदलले की खर्जाचा तोल बिघडतो.

तसेच स्पीकर आणि कॅसेट डेक एकाच पेटीत कोंडू नयेत. स्पीकरच्या हादऱ्याने डेकची नाजूक यंत्रणा अस्थिर होते. ॲम्प्लिफायर व डेक यांची एक पेटी आणि स्पीकरच्या दोन स्वतंत्र पेट्या, ही मांडणी उत्तम.

दर्शनी फळी

सारी शोभा पुढच्या फळीत असते, आणि अडचणीही तिथेच निघतात. ॲम्प्लिफायरची बटणे पातळ पत्र्यातून बाहेर येण्यासाठी बनविलेली असतात, आणि १८ मिलिमीटरच्या फळीतून त्यांचे दांडे बाहेर पोचत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बटणामागे फळी मागच्या बाजूने कोरून जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवावी लागते. हे काम मोजून, प्रथम रद्दी फळीवर करून पाहावे. रिमोटचे किरण लाकडातून जात नाहीत, म्हणून त्याच्या डोळ्यासाठी लहानशी खिडकी हवी. ब्लूटूथ मात्र लाकडातून सहज पोचतो.

सागवान स्थिर लाकूड असले तरी तेही जिवंतपणा दाखविते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अखंड फळी रुंदीत आक्रसते आणि पावसाळ्यात पसरते, लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. ती चारी बाजूंनी घट्ट चिकटविली तर एखाद्या वैशाखात तिला चीर पडलीच समजा. मध्यभागी पक्की बसवून कडेच्या स्क्रूंना लांबट खाचा ठेवल्यास लाकडाला हालचालीस वाव मिळतो. प्लायवूडवर सागाचे विनियर लावणे हा याहून निर्धोक मार्ग आहे.

उष्णता, वीज आणि जीवदया

लाकूड उष्णता धरून ठेवते. ॲम्प्लिफायर मुळात ज्या पत्र्याच्या डब्यात होता, तो डबाच उष्णता बाहेर टाकण्यास मदत करीत असे. लाकडी पेटीत खाली थंड हवा शिरण्यास आणि वरून गरम हवा निघण्यास मोकळी वाट ठेवलीच पाहिजे. या फटींना बारीक जाळी लावावी. उबदार जागेकडे पाली, झुरळे व मुंग्या आकर्षित होतात. जाळीने त्यांचा जीवही वाचतो आणि यंत्रही.

लाकूड विद्युत गुणगुण अडवीत नाही. त्यासाठी आतील मूळ धातूचा सांगाडा टाकून न देता तो तसाच लाकडी पेटीत बसवावा. मूळ संच अर्थिंगचा असेल, तर त्याची तीन पिनांची तार व फ्यूज जसेच्या तसे राखावेत. ट्रान्सफॉर्मर कॅसेटच्या हेडपासून शक्य तितका दूर असावा. वीजजोडणीचे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे. त्यात काटकसर नको.

आणखी एक गोष्ट जैन घरांनी सुताराला आवर्जून सांगावी. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतो, आणि चपड्याचे पॉलिश लाखेच्या किड्यांपासून मिळते. दोन्हींना आज चांगले पर्याय आहेत. सांध्यांसाठी कृत्रिम पांढरा गोंद आणि वरून जवसाच्या तेलाचा किंवा पॉलियुरेथेनचा थर दिला तर काम टिकाऊ होते, आणि घराच्या आचारालाही बाधा येत नाही.

शेवटचा हिशेब

आता ताळेबंद मांडावा. सागवान, मजुरी आणि सुटे भाग यांचा खर्च पाहता बाजारातील एखादा छोटा नवा स्पीकर स्वस्त पडेल, हे मान्य केले पाहिजे. केवळ पैशांच्या बाजूने हा व्यवहार फायद्याचा नाही. परंतु जमेच्या बाजूला काही नोंदी अशा आहेत, ज्यांना वहीत रकाना नसतो. चालू यंत्र भंगारात गेले नाही. निकामी झालेले भाग तेवढे वेगळे काढून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे गेले. गावातील सुताराला आणि रेडिओ मेकॅनिकला हातचे काम मिळाले. नातवाने आजोबांजवळ बसून आठ-दहा रविवार घालविले, आणि तेवढ्या वेळात त्याला पहिल्या कमाईची, परवान्याच्या पुस्तकाची आणि रात्रीच्या बाजारभावांची हकिकत ऐकायला मिळाली.

काढलेले जुने स्क्रू, बटणे आणि पट्टे एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून पेटीच्याच तळाशी ठेवावेत. सोबत एका कागदावर कोणता भाग कोठून आला, कोणी केव्हा बदलला, हेही लिहावे. पन्नास वर्षांनी कोणी ही पेटी उघडील, तेव्हा त्याला वहीखात्यासारखा स्वच्छ हिशेब मिळेल.

पेटी तयार झाल्यावर पहिल्यांदा काय वाजवावे, याचा निर्णय मात्र आजोबांवर सोपवावा. ते कोणती कॅसेट मागतील, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते.